अमेरिकेतलं टेन्युअर म्हणजे आपल्याकडचं पर्मनंटच ना?

वऱ्हाडी_मामा:
भाचा टेक्सासला पीएचडी करतोय, काल व्हिडिओ कॉलवर म्हणे मामा इथे प्रोफेसरांचं टेन्युअरच काढायला निघाले होते. मला वाटलं बरंच की. आमच्या कॉलेजात एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वर्षानुवर्षं वाचून दाखवायचे, पर्मनंट होते त्यामुळे बोलायची कोणाची टाप नव्हती. तर हे टेन्युअर हवंच कशाला, कोणी नीट सांगेल का?

डॅलसकर:
मामा, टेक्सासचा राग न शिकवणाऱ्यांवर नव्हताच. फेब्रुवारी २०२२ ला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या कौन्सिलने ठराव केला की वंशभेदाबद्दल वर्गात काय शिकवायचं ते आम्ही ठरवणार, आणि लगेच राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी जाहीर केलं की नवीन भरतीला टेन्युअर बंद करणार. २०२३ ला राज्याच्या सिनेटने तसं बिल पासही केलं, पण हाउसमध्ये, म्हणजे दुसऱ्या सभागृहात, ते मवाळ झालं, टेन्युअर वाचलं आणि प्रोफेसरला काढून टाकायची कारणं मात्र कायद्यात लिहिली गेली. विस्कॉन्सिनला तर टेन्युअर राज्याच्या कायद्यातच होतं, २०१५ ला बजेटच्या बिलातून ते कायद्यातून उडवलं. आणि ते फुकट मिळत नाही हो, साधारण सहा वर्षं पेपर, शिकवणं, बाहेरच्या लोकांची मतं सगळं तपासतात, नाही जमलं तर गाशा गुंडाळा. मिळाल्यावरही काढता येतं, फक्त कारण दाखवून सुनावणी घ्यावी लागते.

जुनं_ते_सोनं:
याचं मूळ १९०० सालचं. स्टॅनफर्डमधून एडवर्ड रॉस नावाच्या प्रोफेसरला जायला लावलं, कारण त्याची भाषणं विद्यापीठाच्या सहसंस्थापक जेन स्टॅनफर्डबाईंना पटली नाहीत. (मतं तशी भयंकरच होती, जपानी लोकांना देशात येऊ देऊ नका वगैरे.) तरी निषेध म्हणून काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले, त्यातल्या लव्हजॉयनेच पुढे १९१५ ला तत्त्वज्ञ जॉन ड्यूईबरोबर, प्राध्यापकांना असं काढता येऊ नये म्हणून, त्यांची संघटना काढली.

तासिकावाला:
इतक्या लांब कशाला जाता. मी ९ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, नेट परीक्षा झालीय पीएचडी झालीय, दरवर्षी नवीन ऑर्डर, सुट्टीत पगार नाही. मागच्या वर्षी संस्थेतल्या एका मोठ्या माणसाच्या पुतण्याला इंटर्नलला २० पैकी ६ दिले, वर्गात तो एकदाच आला होता तेही मोबाईल चार्जिंगला लावायला. दुसऱ्या दिवशी मार्कलिस्ट ऑफिसमधून परत आली, ६ च्या शेजारी पेन्सिलने १४ लिहिलेलं. कोणी काही बोललं नाही. पेनाने मीच गिरवलं, कारण पुढच्या ऑर्डरवर सही त्यांचीच. माझ्या जागी तुमचे पिवळ्या नोट्सवाले असते ना मामा, तर त्यांनी ती लिस्ट तशीच परत पाठवली असती, आळशी का असेनात.

वऱ्हाडी_मामा:
सर, हे माहीत नव्हतं. पण कॉलेजांसाठी ट्रिब्युनल असतं ना, तिथे का नाही जात?

तासिकावाला:
जाऊन सांगू काय? मला कोणी काढतच नाही. ऑर्डरची मुदत संपते आणि पुढची येत नाही, एवढंच. कागदावर काही घडलेलंच नसतं.