घोडी डाव्या खांद्यावर कलते आणि सरळ चालत नाही : कोणते सराव करावेत?

प्रश्न – दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

सर्वांना सप्रेम नमस्कार. माझ्याकडे सात वर्षांची मारवाडी घोडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. त्याआधी ती वरातीत नाचवली जात असे. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे (घोड्याकडून ठरावीक चाली आणि वळणे अचूक करून घेण्याच्या अश्वक्रीडेचे) सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून हा प्रकार शिकण्याची ओढ लागली. यंदा तूर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात 20 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब असे मैदान चुन्याने आखून, भोवती बांबूचे कुंपण घालून मी सराव सुरू केला आहे.

अडचण अशी आहे की उजव्या रिंगणात घोडी मान चटकन उजवीकडे वळवते, पण अंग मात्र डाव्या खांद्यावरून बाहेर निसटते आणि 20 मीटरचे रिंगण पाहता पाहता मोठे होत जाते. डाव्या रिंगणात याच्या उलट घडते : ती मान वळवायला राजी नसते, बाहेर पाहते आणि आत कलून रिंगण लहान करत जाते. सरळ रेषेत चालताना मागून पाहणाऱ्याला तिचे पुठ्ठे उजवीकडे आलेले दिसतात. लगामाची डावी वादी हातात जड लागते, उजवी रिकामी वाटते. डाव्या पायाचा कँटर (डावा पुढचा पाय आघाडीला ठेवून घेतलेली मंद दौड) मागितला तरी बहुतेक वेळा ती उजवाच उचलते. एका जाणकाराने तिची मान रोज अर्धा तास डावीकडे बांधून ठेवण्यास सांगितले होते. आठवडाभर तसे केले, परंतु फरक पडला नाही. उलट आता लगाम चढवताना ती तोंड फिरवते, याचे मला वाईट वाटते. कोणता सराव, कोणत्या क्रमाने करावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – सेलू, जिल्हा वर्धा

भाऊ, मान बांधणे आजच थांबवा, ही पहिली विनंती. बांधलेल्या मानेने घोडी वाकायला शिकत नाही, ती फक्त दोरावर रेलून उभी राहायला शिकते. वरातीच्या काळातला काटेरी लगाम अजून वापरात असेल, तर तोही बदलून साधा, गुळगुळीत, सांध्याचा लगाम घ्यावा.

सरावाच्या आधी मात्र एक तपासणी आवश्यक आहे, कारण वेदना आणि वाकडेपणा दुरून सारखेच दिसतात. मुरूम टाकलेल्या कडक पांदणीवर घोडीला खोगिराशिवाय, सैल दोरावर, सरळ रेषेत दुडकीने (साध्या चालीपेक्षा जलद, कँटरपेक्षा संथ गतीने) पळवून घ्यावे आणि समोरून व मागून मोबाइलवर चित्रण करावे. पुढचा एखादा पाय टेकताना दर वेळी डोके वर झटकले जात असेल, तर त्या पायात दुखणे आहे असे समजावे; मागून पाहताना पुठ्ठ्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक वरखाली होत असेल, तर मागच्या पायाची शंका घ्यावी. असे काही दिसले तर सराव बंद करून पशुवैद्यकांना दाखवावे. दातही त्याच वेळी तपासून घ्यावेत, कारण दाढेची एक धार टोचत असली तरी घोडा एका वादीवर जड होतो. खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी होते ना? पुढचे दोन खूर समोरून पाहिल्यावर एक पसरट आणि एक उभट दिसणे नेहमीचे आहे, परंतु ते एका बैठकीत कापून सारखे करण्याचा हट्ट नालबंदाकडे धरू नये.

आणि स्वतःलाही तपासावे. आपण नेहमी डावीकडून चढतो, त्यामुळे डाव्या रिकिबीचा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो आणि स्वाराचे वजन नकळत डावीकडे जाते. दोन्ही पट्टे काढून शेजारी शेजारी मोजावेत आणि दर महिन्याला त्यांची अदलाबदल करावी. रस्त्यावर दुडकीत उठबस करतानाही आपण पायांच्या एकाच तिरकस जोडीवर (एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय) बसत राहतो. ती जोडी ठरावीक अंतराने बदलावी.

उत्तर – अचलपूर, जिल्हा अमरावती (घोडेस्वारीचा निवृत्त प्रशिक्षक)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ती तपासणी झाली आहे असे धरून पुढचे लिहितो.

आपल्या वर्णनावरून घोडी उजव्या बाजूने पोकळ (म्हणजे त्या बाजूला सहज वाकणारी) आणि डाव्या बाजूने ताठ आहे. माणसे जशी उजवी किंवा डावखुरी असतात, तसा जवळपास प्रत्येक घोडा थोडासा एका अंगाचा असतो. आपल्या घोडीचा उजवा मागचा पाय अंगाखाली न येता बाजूला पडतो आणि वजन उचलण्याचे टाळतो. तो भार तिरका जाऊन डाव्या खांद्यावर पडतो, म्हणूनच डावी वादी जड लागते. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की जू तिरके होते आणि तास वाकडा जातो. तेव्हा आपण चांगल्या चालणाऱ्या बैलाचा कासरा ओढत बसत नाही, अंग चोरणाऱ्याला पुढे काढतो. आपण डाव्या वादीशी झगडत आहात, पण काम उजव्या मागच्या पायाचे आहे.

याला शरीररचनेचेही कारण आहे. उभ्या घोड्याचे सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असते. त्यातच घोड्याला हासळीचे हाड नसते. त्याची छाती दोन पुढच्या पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत पेललेली असते, त्यामुळे ती एका बाजूला सहज झुकते. शिवाय घोड्याचे खांदे पुठ्ठ्यांपेक्षा अरुंद असतात. कुंपणाला लागून चालताना तो बाहेरचा खांदा आणि बाहेरचा पुठ्ठा कुंपणापासून सारख्याच अंतरावर ठेवतो आणि त्यामुळे त्याचा आतला मागचा पाय आपोआप रेषेच्या आत येतो. म्हणून सरळ करताना पुठ्ठे टाचेने बाहेर ढकलायचे नाहीत; खांदे आणून पुठ्ठ्यांच्या समोर ठेवायचे. हे एक सूत्र सांभाळले तर पुढचे सर्व सराव उपयोगी पडतील, ते सुटले तर कोणताच पडणार नाही.

आपण घातलेल्या कुंपणापासून निदान दोन मीटर आत चालण्याची सवय ठेवा. उजवीकडे जाताना काही आठवडे गोल रिंगण विसरून चौकोन घ्या. प्रत्येक कोपऱ्यात मान सरळ ठेवून, डावी वादी मानेला टेकवून आणि आपला डावा पाय तंगापाशी (खोगीर बांधण्याच्या पोटपट्ट्यापाशी) लावून खांदे उजवीकडे वळवा. उजवी वादी ओढण्याचा मोह टाळा, कारण तिने फक्त मान वळते आणि डाव्या खांद्याला निसटण्याची वाट मोकळी होते. डावीकडे जाताना मात्र 10 मीटरच्या लहान रिंगणापासून साध्या चालीत सुरुवात करा आणि तंगापाशी ठेवलेल्या डाव्या पायाने घोडीला पावलापावलाने बाहेर सरकवत 20 मीटरपर्यंत न्या. मान इतकीच वळलेली असावी की तिच्या डाव्या डोळ्याची कड आपल्याला दिसेल. बाहेर सरकताना ती उजवी वादी स्वतःहून हातात घेईल. तो क्षण ओळखा आणि तिला लगेच मोकळे सोडून शाबासकी द्या.

हे जमले की शोल्डर-फोर आणि त्यानंतर शोल्डर-इन. अठराव्या शतकात ला गेरिनिएर या फ्रेंच अश्वशिक्षकाने शोल्डर-इनला प्रशिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले, आणि आजही सरळपणासाठी याहून मोलाचा सराव मला माहीत नाही. शोल्डर-फोरमध्ये खांदे थोडेसेच आत येतात आणि आतला मागचा पाय पुढच्या दोन पायांच्या मधल्या जागेत पडतो. शोल्डर-इनमध्ये कोन वाढून सुमारे 30 अंशांचा होतो आणि पायांच्या तीन रेषा उमटतात : बाहेरच्या मागच्या पायाची एक, आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा यांची मिळून दुसरी, आतल्या पुढच्या पायाची तिसरी. ज्यांना आरसे लावलेले मैदान मिळत नाही, त्यांच्यासाठी आपली काळी माती मोठी सोय आहे. वखरलेल्या पट्ट्यावरून एकदा जा, खाली उतरा आणि ठसे पाहा. दोनच रेषा दिसल्या तर केवळ मान वळली आहे. चार दिसल्या तर कोन जास्त झाला आहे.

आपल्या घोडीसाठी उजवे शोल्डर-फोर हे मुख्य औषध आहे, कारण चोरटा उजवा पाय त्यातच अंगाखाली येतो. आधी चालीत, पाच-सहा पावलेच मागा आणि लगेच सरळ, जोमाने पुढे काढा. पुढे जाण्याची ओढ संपली तर सरळपणाही टिकत नाही. तोलासाठी दुडकीतून चाल आणि चालीतून दुडकी असे बदल दर दहा-बारा पावलांनी करा. डावा कँटर सध्या मागूच नका. महिना-दोन महिन्यांनी, डाव्या रिंगणातून बाहेर सरकताना दुडकी स्थिर वाटली की तेथूनच मागा. बहुधा ती बरोबर पाय उचलेल.

आणखी एक गोष्ट. ड्रेसाजच्या शिक्षणक्रमात लय, सैलपणा, लगामाशी संपर्क, जोम, सरळपणा आणि संकलन (मागच्या पायांवर अधिक भार घेऊन अंग गोळा करणे) अशा सहा पायऱ्या मानतात; त्यांत सरळपणा पाचवा आहे. वरातीत नाचवलेली घोडी डोके उंच आणि पाठ खोलगट करून चालायला शिकलेली असते. तिला आधी लांब लगामावर मान खाली सोडून चालू द्या. ती रवाल चालीत (एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळपास एकत्र टाकण्याच्या चालीत) गेली तर सराव थांबवून पुन्हा स्वच्छ दुडकीवर या, कारण दुडकीत पायांच्या तिरकस जोड्या एकत्र पडतात आणि असमतोल स्वाराला लगेच जाणवतो.

उत्तर – देवरी, जिल्हा गोंदिया

काकांनी सर्व काही लिहिलेच आहे. मी केवळ जमिनीवरच्या दांड्यांविषयी भर घालते. चार दांड्या समांतर ठेवून त्यांच्या मधोमध दुडकीने जाणे घोड्याला तोल आणि दिशा दोन्ही शिकवते. लहान मापाच्या घोडीसाठी मी 1.2 मीटर अंतरापासून सुरुवात करते आणि पाऊल दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडेल असे अंतर जुळवते. आपल्याकडे बांबू सहज मिळतो, पण त्याच्या दांड्या वापरू नयेत. तो हलका असल्याने पायाखाली गरगर फिरतो आणि माझ्या घोड्याचा पाय एकदा असाच मुरगळला होता. जड लाकडी बल्ली घेऊन दोन्ही टोकांना माती लावावी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर तर दुडकीसुद्धा नको. तेवढे दिवस मुरमाची पांदण बरी.

प्रश्नकर्ता – पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. डाव्या रिकिबीचा पट्टा खरोखरच दोन बोटे लांब निघाला. चित्रणात लंगडेपणा दिसला नाही. नालबंदाने खूर नीट केले आणि लगाम बदलल्यावर तोंड फिरवणेही थांबले. उजवीकडचे चौकोन आता खांदा न निसटता होतात. उजव्या शोल्डर-फोरचे ठसे पहिल्या दिवसांत दोनच रेषांत मिसळलेले होते, आता उजव्या मागच्या पायाचा ठसा पुढच्या दोन ठशांच्या मध्ये पडू लागला आहे. काल डाव्या रिंगणात तीनदा डावा कँटर मिळाला. काका, एकच शंका उरली आहे : ताठ असलेल्या डाव्या बाजूवर दुप्पट वेळ द्यावा का?

उत्तर – अचलपूर, जिल्हा अमरावती

वाचून फार आनंद झाला. दुप्पट वेळ देऊ नये. थकलेला स्नायू ताठच होतो आणि घोडी त्या बाजूला शिक्षा मानू लागते. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ द्या, फक्त सुरुवात आणि शेवट सोप्या, म्हणजे उजव्या बाजूने करा, आणि डावीकडे थोडे-थोडे पण अधिक वेळा जा. एकूण सराव 35-40 मिनिटांपेक्षा लांबवू नका. आता ऊन वाढेल, तेव्हा पहाटे सहाच्या आत खोगीर चढवा आणि आठवड्यातून दोन दिवस तिला पांदणीने सैल लगामावर लांब फिरवून आणा. शोल्डर-इनचा कोन पावसाळ्यापर्यंत वाढवू नका. सध्याचे शोल्डर-फोर दुडकीत दोन्हीकडे सारखे झाले की ठशांचे छायाचित्र येथे टाका, मग पुढचे बोलू.