थंडीत पुणे दाखवायचं तर दिवस कॅमेऱ्याच्या सोयीने आखा

तिपाई

डिसेंबर लागला की बाहेरगावचे मित्र पुण्याला यायचं ठरवतात आणि ग्रुपवर यादी पडते: शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग, पर्वती, तुळशीबाग, संध्याकाळी कॅम्प. सगळं एका दिवसात! मग प्रत्येक ठिकाणी ओळीत उभं राहून दात काढलेले ढीगभर फोटो निघतात आणि पुढे ते कुणी उघडूनही बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. यादी फाडा, उजेड बघून दिवस आखा. डिसेंबरअखेरीला पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी साडेबाराला सगळ्यात वर असतो तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश. मे महिन्यात हाच थेट डोक्यावर येऊन सावली गिळून टाकतो. म्हणजे थंडीत ऊन दिवसभर तिरपं पडतं आणि लाकडातली नक्षी, दगडावरचे छिन्नीचे घाव उठून दिसतात. तेव्हा पावणेसातला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला लागा. टेकडी पेठांच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऊन मागून-उजवीकडून येतं आणि समोर शहर धुक्यातून वर येताना दिसतं. तिथून मंडई. दुपारी ताणून द्या. ज्याला उठायचं नसेल त्याने उठू नये, पण नंतर ‘मी फोटोत का नाही’ म्हणून कुरकुर करू नये.

नऊचा गजर

अहो, मित्र येतात ते भेटायला. तुमच्या कॅमेऱ्यापुढे हजेरी लावायला नाही.

आमच्यातही एक असाच आहे. मिसळ आली, तर्री वर तरंगतेय, आणि हा म्हणतो, ‘थांबा, चमचा लावू नका.’ मग चपला काढून खुर्चीवर चढणार, ताटल्या सरकवणार, कांदा डावीकडे, लिंबू उजवीकडे. वेटर स्लाइस घेऊन मागे ताटकळतोय. तोवर फरसाणाचा लगदा. फोटोला लाइक भरपूर आले म्हणे. मिसळ मात्र सगळ्यांनी गार खाल्ली.

शाळेतले मित्र वर्षातून कसेबसे एकदा जमतात. त्यातही ‘अजून दहा मिनिटं, उजेड येऊ दे’ ऐकायचं?

पेठेतला

‘शहर धुक्यातून वर येताना’ वाचून हसू आलं. तिपाई, त्यातलं बरंचसं धुकं नाही, धूर आणि धूळ आहे. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. गाड्यांचा धूर, शेकोट्या, बांधकामांची धूळ त्याखाली कोंडते. ऊन चढलं की झाकण उघडतं. तुम्ही ज्याचा सोनेरी फोटो काढता त्यात आम्ही सकाळी खोकत असतो.

दुसरं, उजेड उजेड करता, पण शनिवारवाड्याचं काय? दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे आणि डिसेंबरात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दक्षिणेलाच. दरवाजावर ऊन पडतच नाही. समोरून फोटो काढा, आभाळ पांढरंफटक आणि दरवाजा काळा. ते अणकुचीदार खिळेसुद्धा सपाट दिसतात. १७३२ मध्ये वाडा बांधून झाला तेव्हा कुणी फोटोग्राफरला विचारलं नव्हतं.

तिपाई

@पेठेतला, धूर तर धूर. तो आहे म्हणून तर दाखवायचा. दुपारी निळ्या आभाळाखालचे फोटो टाकून पुण्याची हवा स्वच्छ आहे असं भासवण्यापेक्षा हे बरं. आणि शनिवारवाड्याबद्दल तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. यादीवाले तिथे अर्धा दिवस घालवतात. उजेड कळणारा माणूस थंडीत तिथून दहा मिनिटांत निघतो.

@नऊचा गजर, मिसळीचा फोटो मीही काढत नाही.

गाजरमटार

पर्वती, वाडा ठीक आहे. ‘तिथून मंडई’ हे इतक्या सहज कसं लिहिता? १८८६ ची इमारत आहे, मधलं उंच छत, वरून झिरपणारा उजेड, सगळं मान्य. पण खाली बाजार चालतो. माझी मावशी तिथे बसते. सकाळची वेळ धंद्याची. पाच जण कॅमेरे घेऊन गाळ्यासमोर घुटमळले की गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं. तिच्या सुरकुत्यांचा फोटो काढून निघून जातात, साधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाहीत.

अर्धा किलो मटार घ्या, भाव करा, चार शब्द बोला, मग विचारा. ती ‘काढ की’ म्हणेल, पदर सारखा करेल आणि नीट बसेल.

तिपाई

विचारलं की चेहरा बदलतो, हीच तर अडचण आहे. हालचाल थांबते, माणूस पोझ देतो.

गाजरमटार

बदलू दे. चेहरा तिचा आहे. पोझ द्यायचा हक्क फक्त तुमच्या मित्रांनाच आहे का?

हाफ स्वेटर

गाजरमटारशी शंभर टक्के सहमत, पेठेतल्यांशी निम्मा. दिल्ली दरवाजाची सावली फुकट घालवू नका. ग्रुप फोटोला ती उत्तम, कुणी डोळे बारीक करत नाही. फक्त चौकटीत आभाळ घेऊ नका, दरवाजाजवळ जाऊन काढा.

अवांतर: शनिवारवाडा, पाताळेश्वर ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची स्मारकं. तिथे तिपाई लावायला परवानगी लागते (धागाकर्त्याच्या नावावर जाऊ नका, खरी तिपाई). आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर नक्षी दिसावी म्हणून पहाटे उठायचं आणि पाठवताना तीच पुसायची.

तिपाई

दरवाजाजवळचा ग्रुप फोटो मान्य. मटारही घेतो. पण पावणेसात म्हणजे पावणेसात.

नऊचा गजर

तुम्ही व्हा पुढे. आम्ही पाताळेश्वराला भेटतो. गाभाऱ्यात सातलाही अंधार आणि अकरालाही.