मांचुरियातील रशियन रेल्वे
चिनी पूर्व रेल्वे, म्हणजे रशियाने ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून नेलेला लोहमार्ग, हा व्लादिवोस्तोक या रशियन बंदराला जाण्याचा केवळ जवळचा मार्ग होता, हे मत मला अपुरे वाटते. अंतर वाचले हे खरेच. पण १८९६ च्या रशिया-चीन करारातून उभी राहिलेली कंपनी कागदोपत्रीच खासगी होती, तिची सूत्रे रशियाचे अर्थमंत्री विट्टे यांच्या खात्याकडे होती. रुळांलगतच्या पट्ट्यात रशियन पोलीस, न्यायालये आणि पहारेकरी आले, १८९८ मध्ये वसवलेल्या हार्बिन शहराचा कारभारही रेल्वेच पाहू लागली, आणि रुळांची रुंदी पाच फूट, म्हणजे रशियन मापाचीच ठेवली गेली. सैन्य न हलवता मुलूख मुठीत ठेवण्याची ही युक्ती (विट्टे यांना तिचा फार अभिमान असावा) १९०० च्या बॉक्सर उठावात, म्हणजे परकीयांविरुद्धच्या चिनी बंडात, उघडी पडली, कारण रुळांच्या रक्षणासाठी अखेर फौजच आणावी लागली.