घोणस देखणी म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री उसाला पाणी पाजावं

ऊसवाला_वाळवा: काल साताऱ्याच्या एका फोटोवाल्यांनी इथं लिहिलं, घोणस सापाच्या पाठीवरची साखळी म्हणजे निसर्गाचं नक्षीकाम आणि तिला भिणं म्हणजे अडाणीपणा. साहेब, तुमच्या हातात लांब लेन्स, आमच्या हातात खोरं. पाचटात ती साखळी दिसतच नाही. कुकरची वाफ सुटल्यागत फुत्कार आला तर कळतं. आणि मण्यार? काळीभोर, चकचकीत, पांढरे पट्टे. झोपेत चावते, धड दुखतही नाही. पहाटे पोटात कळ आली की माणूस ओवा शोधतो.

रानवाट_सातारा: पण भीतीपोटी मारता कुणाला? उंदीर खाणाऱ्या धामणीला. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून ठेचता. हरणटोळ साप टाळूवर डसतो म्हणे, निव्वळ अफवा! गमबूट घाला, बॅटरी ठेवा, निम्मी भीती जाईल.

ऊसवाला_वाळवा: ओल्या सरीत गमबूट घालून दहा पावलं चाला, मग शिकवा.

शिराळकर: नागाचं कुणी बोलेना. फणा काढला की पोटात गोळाही येतो आणि हातही जोडले जातात. आमच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पुजायचो, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा आला.

रानवाट_सातारा: मडक्यात कोंडलेल्या नागाला भक्ती कळते का?

शिराळकर: धरला तिथंच सोडायचो. तुमच्या रिसॉर्टवाल्यांनी डोंगर पोखरले, त्याचे फोटो टाका की!

कृष्णाकाठ_पलूस: देखणं-भेसूर राहू द्या. शेतीपंपाची लाईट रात्रीच का? घोणस, मण्यार रात्री बाहेर पडणार, आणि मोटार चालू करायला आम्हीही रात्रीच. चुलत्यांना बांधावरच घोणशीनं धरलं. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. पुढं नेईस्तोवर पाय मांडीपर्यंत सुजला, मग डायलिसिस. जगले, पण आता रानात जात नाहीत.

माणदेशी_पोरगा: आमच्यात एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की दोन्ही गेले.

कृष्णाकाठ_पलूस: सोलर पंपाचा अर्ज केलाय का कुणी? आमचा नुसता 'प्रलंबित' दाखवतोय.

रानवाट_सातारा: विषय साप होता.

कृष्णाकाठ_पलूस: मग लाईट हाच सापाचा विषय आहे! कारखान्याच्या वसाहतीत कधी अंधार असतो का?

रानवाट_सातारा: बरं, 'अडाणीपणा' काढतो. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांपायी बाकीच्यांना काठी का?

ऊसवाला_वाळवा: धामण आम्ही मारत नाही. ती उंदीर खाते हे तुमच्या कॅमेऱ्याआधी आमच्या आज्याला ठाऊक होतं. आणि घोणस देखणी आहे, मान्य. फोटोत.

माणदेशी_पोरगा: सोलरवाले, पैसे भरून किती महिने झाले ते लिहा.