जुन्या वृत्तपत्रांतल्या इमारती : साल कोणतं धरायचं?

बाळीवेस
शाळेच्या भिंतीवर मुंबईच्या नामांकित इमारती आणि आपलं सोलापूरचं इंद्रभुवन (महानगरपालिकेची इमारत) मांडायचं आहे, १९०० ते १९३० मधल्या वृत्तपत्रांच्या कात्रणांतून. गेटवेच्या तीन कात्रणांवर तीन सालं आहेत, खरं कोणतं? शिवाय स्कॅन केलेल्या चित्रांवर नागमोडी पट्टे उमटतात, ते कसे घालवायचे?

सिद्धेश्वर पेठ
तिन्ही खरी असू शकतात. कात्रणावरचं साल बातमीचं असतं, इमारतीचं नव्हे. गेटवेची कोनशिला ३१ मार्च १९११ला बसली, वास्तुरचनाकार विटेटचा अंतिम आराखडा १९१४ला मंजूर झाला, मग समुद्रात भराव आणि पाया, आणि उद्घाटन थेट ४ डिसेंबर १९२४ला. म्हणजे १९१५च्या अंकात अख्खी कमान दिसली तर ते आराखड्यावरून काढलेलं चित्र आहे. त्याखाली 'छायाचित्र' लिहू नका.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम याहून फसवं. कोनशिला १९०५, इमारत तयार १९१४, महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय, संग्रहालय म्हणून खुलं १९२२. त्यामुळे नुसतं 'बांधली' लिहिलंत की चूक ठरलेलीच. कोनशिला, काम पूर्ण की उद्घाटन, ते प्रत्येक चिठ्ठीवर स्पष्ट हवं.

साप्ताहिकात अंकाची तारीख आणि घटनेची तारीखही वेगळी असते. ३१ मार्च १९११ हा शुक्रवार होता. मंगळवारी निघणाऱ्या 'केसरी'सारख्या पत्रात त्याची बातमी लवकरात लवकर ४ एप्रिलच्या अंकात सापडेल. अंकावर फक्त शक असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकाला ७९.

पार्क चौक
इंद्रभुवनासाठी 'महानगरपालिका' शोधून हाती काही लागणार नाही. ती १ मे १९६४ची. त्याआधीच्या पत्रांत 'म्युनिसिपालिटी' किंवा 'नगरपालिका' पाहा. शिवाय इंद्रभुवन हा मुळात अप्पासाहेब वारदांचा वाडा, म्हणून वारद या नावानेही शोधा. शहराचं नाव 'सोलापुर', 'शोलापूर' असं दोन्ही तऱ्हांनी टाका. इंग्रजी पत्रांत सुरुवातीच्या 'एस'नंतर 'एच' असतो.

जुनी गिरणी
पट्ट्यांबद्दल. छापील फोटो हा हाफटोनच्या ठिपक्यांचा असतो. त्या ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की पट्टे दिसतात. १५०-२०० डीपीआयवर (दर इंचाला इतके पिक्सेल) हे फार होतं. ग्रेस्केलमध्ये निदान ६०० डीपीआय ठेवा, शार्पनिंग बंद. मग ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंतच हलका ब्लर द्या आणि त्यानंतर चित्र लहान करा. आधी लहान करून मागून ब्लर दिला तर पट्टे जात नाहीत, तपशील मात्र जातो.

मागच्या पानाची अक्षरं उमटत असतील तर कात्रणामागे काळा कार्डपेपर ठेवा.

मूळ कात्रण भिंतीवर लावू नका, ही कळकळीची विनंती. तो कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं आणि आम्लामुळे कागद घडीवरच तुटतो. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर अजिबात नको, दोन्ही नीट काढता येत नाहीत. छापील प्रत लावा, मूळ अंधारात सपाट ठेवा.

बाळीवेस
काही चित्रं नुसत्या रेघांची आहेत. त्यांनाही ब्लर द्यायचा का?

जुनी गिरणी
नाही. ते लाइन ब्लॉक, त्यात ठिपके नसतात. ६०० डीपीआयवरच घ्या आणि फक्त कॉन्ट्रास्ट वाढवा. पण राखाडी छटेच्या जागी भिंग धरून पाहा; तिथे ठिपके दिसले तर तेवढ्या भागाला वरचीच रीत लावा.