मदत हवी आहे: रंगाच्या सांडपाण्यावर अनएरोबिक एमबीआर – रंग जातोय, सीओडी उतरत नाही, मेम्ब्रेन तुंबतंय

ताणाबाणा:
मंडळी, सोलापूरच्या टॉवेल प्रोसेस हाउससाठी अनएरोबिक एमबीआरचा (हवेविना चालणारी जिवाणूंची टाकी, पाणी मेम्ब्रेनमधून गाळून काढणारी) छोटा चाचणी-संच, म्हणजे पायलट, चालू आहे. सुती सूत, रिअॅक्टिव्ह रंग, मीठ म्हणून ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). टाकी ३ घनमीटर, तापमान ३५ अंश, रोज २ घनमीटर पाणी. मेम्ब्रेन पीव्हीडीएफ प्लास्टिकच्या पोकळ तंतूंचं (होलो फायबर), ९ चौरस मीटर, ९ मिनिटं ओढ आणि १ मिनिट विश्रांती, खालून टाकीतलाच बायोगॅस फिरवतो. पीएच १०.५ असतो, तो सल्फ्युरिक अॅसिडने ७.२ वर आणतो. त्यानंतर सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) १८००, सल्फेट १४०० मिग्रॅ/लि.

बाहेर: रंग बराच उतरतो, पण सीओडी १५००, गॅस जवळपास नाही. मेम्ब्रेनवरचा दाब ८० वरून ३२० मिलीबारवर गेलाय, तंतूंवर काळा थर आहे. शिवाय पुढच्या हवेच्या टाकीत पाणी परत तपकिरी होतं. वासासाठी फेरिक क्लोराइड टाकावं आणि बारीक छिद्रांचं मेम्ब्रेन घ्यावं, असा विचार आहे. बरोबर आहे का?

जैवगाळ:
दोन्ही नको. फेरिकने वासाचा सल्फाइड खाली बसतो खरा, पण लोह सल्फाइडची काळी भुकटी होऊन तंतूंवरच चिकटते. छिद्र बारीक केलं म्हणून विरघळलेला सल्फाइड अडत नाही, मीठही अडत नाही.

सीओडी भागिले सल्फेट साधारण १० च्या वर असेल तर निर्धास्त राहावं, तुमचं १.३ आहे. सल्फेटवर जगणारे जिवाणू १ ग्रॅम सल्फेट उतरवताना ०.६७ ग्रॅम सीओडी खातात आणि ०.३३ ग्रॅम सल्फाइड सोडतात. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं अन्न असं पळतं आणि वर सल्फाइडचं विषही त्यांनाच चढतं. रंग गेला म्हणजे टाकी निरोगी, असं धरू नका. सल्फाइड नुसत्या रसायनानेही अॅझो बंध (रंगाच्या रेणूतली, रंग देणारी नायट्रोजनची जोडी) तोडतो, त्यामुळे मिथेन बंद पडलेल्या टाकीतही रंग उतरतो.

आधी हे तपासा: बाहेरच्या पाण्याच्या नमुन्यात अॅसिड टाकून पीएच २ करा, फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू ओढून घेणाऱ्या लॅबच्या कपाटात) २० मिनिटं नायट्रोजन सोडा, मग सीओडी काढा. हवा सोडू नका, तिने अमाइनही (रंग तुटून उरलेले तुकडे) बदलतात. १ मिग्रॅ सल्फाइड सीओडीत २ मिग्रॅ धरला जातो.

ताणाबाणा:
दादा, तसं केलं. सीओडी ९५० आला. विरघळलेला सल्फाइड २८०, बाहेरचं सल्फेट ४८०.

जैवगाळ:
मग हिशेब जुळतो. १५०० मधले साडेपाचशेच्या आसपास नुसत्या सल्फाइडचे. ९२० सल्फेट उतरलं म्हणजे ६१५ सीओडी तिकडेच गेला. मिथेनसाठी उरलं ते थोडं, आणि त्यातलंही बरंचसं पाण्यात विरघळून जातं.

उपाय रंगखान्यात आहे. अॅसिड टाकण्याआधी आणि नंतर सल्फेट मोजा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने १०० मिग्रॅ क्षारता मारताना ९६ मिग्रॅ सल्फेट पाण्यात पडतं. त्याऐवजी हायड्रोक्लोरिक वापरा, नाहीतर बॉयलरचा धूर समतोल टाकीतून (जिथे सगळं पाणी आधी मिसळतं) फिरवा. पहिल्या रंगबाथचा निचरा वेगळा काढा, बहुतेक मीठ त्यातच असतं. त्याच्या जागी डिसायझिंगचं (सुतावरची खळ काढल्याचं) स्टार्चचं पाणी घ्या. ब्लीचचं पेरॉक्साइड आधी मारलेलं असायला हवं, नाहीतर टाकीच बसेल.

गॅसच्या फेऱ्यात लोह ऑक्साइडची जाळी बसवा. आत्ता तोच हायड्रोजन सल्फाइड तुम्ही परत पाण्यात ढकलताय. कॉस्टिकचा स्क्रबर टाळा, तो कार्बन डायऑक्साइडही ओढतो, पीएच चढतो आणि कार्बोनेटचे खडे बसतात.

झिरपा:
मेम्ब्रेनबद्दल थोडं. २ घनमीटरला ९ चौरस मीटर म्हणजे ताशी चौरस मीटरमागे १० लिटर, या गाळाला ते जास्त आहे. ६ वर आणा, म्हणजे रोज १.२ घनमीटरच्या आसपास.

धुताना टाकीतला गाळ बाजूला काढून तंतू पाण्याने स्वच्छ करा. आधी हायपोक्लोराइट ५०० पीपीएम, पीएच १० च्या आसपास. मग पूर्ण धुऊन १ टक्का सायट्रिक अॅसिड, ४ तास. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन सुटतो. काळ्या थरावर अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून त्या वायूचा मीटर छातीवर, नाकातोंडाजवळ आणि पंखा चालू. अॅसिडने फसफसलं आणि सडक्या अंड्यांचा वास आला नाही, तर तो कार्बोनेट.

तपकिरी रंग अॅझो तुटल्यावरच्या अमाइनचा, हवेत ते गडद होतात. अनएरोबिक टाकीत ते सहसा पुढे तुटत नाहीत, त्यामुळे हवेच्या टाकीला वेळ आणि जुना गाळ द्या. टर्कॉइजचा (निळसर-हिरव्या रंगाचा) बाथ मात्र वेगळाच ठेवा. तो रंग तांब्याच्या थॅलोसायनिनचा असतो, त्यात तोडायला अॅझो बंधच नाही.

ताणाबाणा:
ग्लॉबरऐवजी साधं मीठ वापरलं तर?

झिरपा:
सल्फेटचा प्रश्न सुटेल, टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) नाही. टर्कॉइजच्या शेड आधी लॅबमध्ये काढून बघा, काही रंग ग्लॉबरवरच नीट चढतात. स्टीलला क्लोराइडचा गंज लागतो तेही बघा. आणि सीओडीच्या नळीत मर्क्युरिक सल्फेट साधारण २००० मिग्रॅ क्लोराइडपर्यंतच धरतं. त्यापुढे नमुना पातळ करा, नाहीतर आकडा उगाच फुगलेला दिसेल.