देवळालीत घडणारी ती ब्रिटिश विनोदी मालिका पुन्हा दाखवावी का?

देवळालीकर

मंडळी, पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (म्हणजे साधारण ‘आई गं, काय उकाडा आहे!’) ही बीबीसीची विनोदी मालिका. १९७४ ते १९८१, आठ पर्वं, ५६ भाग. कथा घडते १९४५ साली आमच्या देवळालीत. तोफखान्याच्या डेपोत सोजिरांच्या करमणुकीसाठी एक नाटकमंडळी आहे. नाचगाणी करून ती लढाईपासून लांब राहते, आणि सार्जंट मेजर विल्यम्सला हिला कधी एकदा जंगलात लढायला धाडतो असं झालेलं असतं. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः देवळालीत अशाच मंडळीत होते, क्रॉफ्ट पुण्यात करमणूक अधिकारी होते. म्हणजे गोष्ट ऐकीव नाही.

याच जोडीची दुसरी विनोदी मालिका ‘डॅड्स आर्मी’ बीबीसी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवते. हिला मात्र हात लावत नाही. कारण उघड आहे. रंगी राम हा भारतीय बेअरर, म्हणजे साहेबांच्या दिमतीचा नोकर, मायकल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला सावळा रंग फासून केलाय. चहावाला आणि पंखेवाला यांच्यावर सतत खेकसणं चालू असतं. आणि मंडळीतल्या पोरांना सार्जंट मेजर ऊठसूट समलिंगी पुरुषांसाठीची शिवी घालतो.

भाच्याने तिकडून डीव्हीडी आणल्या, दहाएक भाग पाहिले. खरं सांगतो, हसलो. मग आजोबा आठवले. लढाईच्या काळात ते कॅम्पातल्या बराकींना दूध घालायचे. कुठल्या साहेबाने कसं हाकललं हे ते सांगायचे, पण सांगताना कधी हसल्याचं मला आठवत नाही. ते आठवलं आणि माझं हसू आतल्या आत विरलं.

तरीही माझं मत असं की मालिका न कापता दाखवावी, आणि आधी स्पष्ट सांगावं की यात काय आहे. कुलूप लावलं की सुटका बीबीसीची होते. १९७४ साली त्यांनी काय दाखवलं आणि इंग्लंडातल्या घराघरांत लोक कशावर हसले, हे मग कुणाला कळणारच नाही. आमच्या गावाचं नाव त्यात आहे. मला ते दडवलेलं नको.

थेम्सकाठची

देवळालीकर, तुमच्या आजोबांबद्दल वाचून गलबललं. पण मत अजिबात पटलं नाही.

मी १९७०च्या दशकात पश्चिम लंडनच्या एका शाळेत होते. वर्गात सावळी मी एकटी, दोन वर्षांनी लहान भाऊ त्याच्या वर्गात एकटा. मालिकेचा भाग रात्री लागायचा आणि दुसऱ्या दिवशी मैदानात भावाच्या मागे पोरं लागायची. तो वर्षभर ‘चहावाला’ होता. मान हलवत, रंगी रामच्या आवाजात त्याच्याशी बोलायचे. एकदा शिक्षकांच्या देखत झालं आणि शिक्षकही हसले. भावाने घरी काही सांगितलं नाही, मीही नाही. आई-बाबा स्वतः ती मालिका बघत होते ना! टीव्हीवर आपल्यासारखं कुणीतरी दिसतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं.

तो काळ कसला होता तेही बघा. १९६८ साली इनॉक पॉवेल या खासदाराचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं भाषण होऊन गेलं होतं. १९७२ साली युगांडातून हाकललेले आशियाई इथे आले. नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे लोक रस्त्यावर होते. जून १९७६ मध्ये साउथहॉलला गुरदीप सिंग चग्गर या मुलाचा भर रस्त्यात खून झाला. त्या दिवसांत रात्री दिवाणखान्यात आपल्यावर हशा पिकायचा आणि सकाळी बसस्टॉपवर तोच हशा अंगावर यायचा.

तुम्ही देवळालीत बसून ती पाहिलीत. आजूबाजूला सगळी आपली माणसं. तिथे रंगी राम चेष्टेचा विषय होऊ शकतो, कारण त्याच्यावरून कुणी तुम्हाला ओळखणार नाही. आम्हाला त्याच्यावरूनच ओळखत होते. इतिहास म्हणून जपायची असेल तर संग्रहात ठेवा, अभ्यासकांना द्या. संध्याकाळच्या करमणुकीत नको.

तोफखाना

मी देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकलेला निवृत्त फौजी. ताई, तुमच्या भावावर जे गुदरलं ते वाईटच. पण मालिकेचीही एक बाजू आहे.

बेट्स हा कुणी लंडनचा नकलाकार नव्हता. जन्म झाशीचा, १९२०चा. लढाईत ब्रह्मदेशात गुरख्यांच्या ब्रिगेडमध्ये मेजर होता. उर्दू अस्खलित बोलायचा. रंगी रामचं ‘आम्ही ब्रिटिश’ नीट ऐका. साहेबांच्या सावलीत राहून स्वतःलाच साहेब समजू लागलेला माणूस आहे तो. असे लोक आपल्याकडे नव्हते का? स्वातंत्र्यानंतरच्या मेसमध्येसुद्धा मी पाहिलेत. ती टीका आहे, आणि आपल्याला झोंबते कारण ती खरी आहे.

शिवाय हसं कुणाचं होतं? कर्नल आणि कॅप्टन दोघेही बावळट. सार्जंट मेजर उभा दांडगा, एका पोराला आपला मुलगा समजून त्याचे लाड करतो, आणि मंडळीत शिकलेला एक आहे त्याला टोचून बोलतो. पायाला दोरी बांधून पंखा ओढणारा पंखेवाला मात्र उर्दूत पुटपुटत सगळ्यांची नाडी ओळखून असतो. शेवटचं शहाणपणाचं वाक्य बहुतेक वेळा त्याचं किंवा रंगी रामचं असतं.

आता गावाचं. देवळालीच्या नावाने इंग्रजीत ‘डुलाली’ हा शब्द गेलाय, अर्थ वेडा. मूळ शब्दप्रयोग ‘डुलाली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. नोकरीची मुदत संपलेले सोजीर परतीच्या जहाजाची वाट बघत कॅम्पात महिनोन् महिने पडून असायचे. जहाजं हिवाळ्यातच सुटायची, मग उन्हाळा-पावसाळा काढायचा रिकामा. दारू, ताप, भांडणं, आणि काहींचं डोकंच फिरायचं. ही मालिका त्या रिकामपणाची आहे. (मुंबईकर जिथे हवा खायला येतात, सॅनेटोरियममध्ये महिनाभर राहतात, तिथल्या उकाड्यावरून मालिकेचं नाव ठेवलंय, हे मात्र मला कधी पटलं नाही.)

भगूरची वाट

दहा भाग मीही पाहिले. गाव नाशिकजवळचं आणि मराठीचा एक शब्द माझ्या कानावर आला नाही. १९४२चं आंदोलन मुंबईत सुरू होऊन तीन वर्षं झालीत, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिक उठणार आहेत, आणि पडद्यावरचे आपले लोक पंखा ओढतायत, चहा विकतायत. रंग फासला याच्यापेक्षा मला हे जास्त खुपलं.

थेम्सकाठची

तोफखाना, बेट्सबद्दल तुम्ही सांगितलं ते मला ठाऊक आहे. पण ‘त्या काळी विनोदी काम जमणारा भारतीय नट तिथे नव्हता’ असंही त्याच्या जोडीने नेहमी सांगतात, म्हणून आधीच लिहिते. सईद जाफरी लंडनमध्येच होते. आणि या मालिकेतच चहावाला मुहम्मद करणारा डिनो शफीक ढाक्याचा होता, विनोदाची उत्तम जाण असलेला नट. पुढे ‘माइंड युवर लँग्वेज’मधला अली त्यानेच केला, तो तुमच्यापैकी कितीतरी जणांना आठवत असेल. म्हणजे नट होते. त्यांच्या वाट्याला चहाची किटली आली आणि मोठी भूमिका बेट्सकडे गेली.

पंखेवाल्याचं पुटपुटणं तुम्हाला आणि मला कळतं. माझ्या वर्गातल्या पोरांना काय कळत होतं? त्यांना दिसत होती पायाला बांधलेली दोरी.

गंधर्वप्रेमी

इतके प्रतिसाद झाले आणि समलिंगींवरच्या शिवीवर कुणी थांबलंच नाही, म्हणून लिहितोय. मी समलिंगी आहे, पुण्यात राहतो.

मंडळीत बायका नाहीत म्हणून मेल्विन हेजने केलेला बोमाँट बायकी वेशात नाचतो, सगळे त्याला ‘ग्लोरिया’ म्हणतात. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीवेशात रंगमंचावर आले की बायका त्यांच्यासारखी लुगडी नेसायला, दागिने घालायला शिकायच्या. ग्लोरियासुद्धा मन लावून काम करतो, आपल्या कलेवर त्याचं प्रेम आहे. तेवढे क्षण मला फार आवडले. आणि मग सार्जंट मेजर ती शिवी ओरडतो आणि प्रेक्षक खदखदतात. एकदा नाही, भागामागून भाग.

तोफखाना, ‘फौजेत असंच बोलायचे’ असं तुम्ही म्हणणार. बोलत असतील, नाही कशाला म्हणू. पण इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा कायदा बदलून जेमतेम सात वर्षं झाली होती. तुरुंगात जाऊन आलेली माणसं घरी बसून ती बघत असतील. आपल्याकडे कलम ३७७ची ती तरतूद २०१८ साली गेली. शाळेत मला जे म्हणायचे त्याचा सूर अगदी तोच होता.

आणि हे बीबीसीपुरतं ठेवू नका. आज आपल्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसली, कंबर हलवली की तोच विनोद होतो. जाड्या बाईवर, काळ्या मुलीवर चालतं ते वेगळंच. त्याच्याआधी कुणी इशाऱ्याची पाटी लावतं का?

नवखी

माझं वय २३, मालिका पूर्ण पाहिलेली नाही. पण मोबाइलवर तिचे तुकडे येतात आणि मागेपुढे काहीच नसतं. तीस सेकंद ओरडणं, खाली हसणाऱ्यांची रांग. ‘दाखवू नका’ म्हणणाऱ्यांना हे विचारायचंय की दार बंद केलं तरी असे तुकडे फिरणारच. मग पूर्ण भाग आणि त्याआधी दोन शब्द, हे बरं नाही का?

दुसऱ्या एका ब्रिटिश मालिकेचं उदाहरण आहे, ‘फॉल्टी टॉवर्स’. १९७५च्या एका भागात म्हातारा मेजर ओव्हलवर भारताची मॅच पाहायला गेल्याची आठवण सांगतो आणि भारतीय व वेस्ट इंडियन खेळाडूंना शिव्या घालतो. जून २०२० मध्ये यूकेटीव्ही या तिथल्या टीव्ही कंपनीने तो भाग काढला. मालिकेचे एक लेखक आणि मुख्य नट जॉन क्लीज चिडले. आम्ही त्या म्हाताऱ्याची बाजू घेत नव्हतो, त्याला हसत होतो, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत इशारा जोडून भाग परत आला. पण २०२४ साली लंडनच्या रंगभूमीवर त्याचंच नाटक आलं, तेव्हा त्या ओळी खुद्द क्लीज यांनीच गाळल्या. म्हणजे जुनं जसं होतं तसं ठेवलं आणि नवीन करताना बदललं. मला हे योग्य वाटतं.

तोफखाना

गंधर्वप्रेमी, ‘फौजेत असंच बोलायचे’ हे मी खरंच लिहिणार होतो. लिहून खोडलं. माझ्या पलटणीत एक पोरगा होता, हळवा, सुंदर गायचा. आम्ही त्याला काय काय म्हणायचो ते इथे लिहिणार नाही. मालिका दाखवावी हे माझं मत कायम आहे, पण तुमचा मुद्दा मी पाहूनही पाहिला नव्हता.

देवळालीकर

थेम्सकाठची, ‘तिथे बसून पाहिलीत’ हे तुमचं वाक्य मला लागलं, आणि ते बरोबर आहे. तुमचं सोसणं मी देवळालीतून मोजू शकत नाही.

तरी एक अडचण राहतेच. तुम्ही म्हणता अभ्यासकांना द्या. माझे आजोबा अभ्यासकांच्या कुठल्या पुस्तकात नाहीत. दूध घालणारे, धोबी, पंखा ओढणारे यांच्याकडे तिकडच्या सर्वसामान्य माणसाने कसं पाहिलं, ते मला या मालिकेतच दिसलं. ते दिसायला हवं. पाटी लावायची तर तीही गुळमुळीत नको. ‘काहींना आक्षेपार्ह वाटू शकेल’ म्हणजे काय? चूक वाटणाऱ्यांची? सरळ लिहा की इथे गोऱ्या नटाने रंग फासलाय, इथे समलिंगींना शिवी आहे, आणि हे दाखवलं जात होतं तेव्हा बाहेर रस्त्यावर आशियाई पोरं मार खात होती. ती पाटी तुमच्यासारख्यांनी लिहावी, बीबीसीच्या वकिलांनी नाही.

थेम्सकाठची

काल रात्री भावाला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आम्ही त्या शाळेबद्दल बोललो.

तो म्हणाला, पाटी कुणी का लिहेना, माझं दुखणं रंग फासलेल्या तोंडाशी नव्हतंच. प्रत्येक भागाच्या शेवटी नटांच्या नावांच्या पाट्या सरकताना मुहम्मद चहावाला ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ हे ब्रिटिशांचं देशभक्तीचं गाणं गायचा, मनापासून, आणि सार्जंट मेजर कडाडायचा, ‘शट अप!’ शाळेच्या प्रार्थनेत तेच गाणं असायचं. भावाचा आवाज चांगला होता. तो गायला लागला की मागून कुणीतरी हळूच तेच दोन शब्द म्हणायचं. त्याने गाणं सोडलं.

मी विचारलं, मग दाखवावी का? तो म्हणाला, ‘दाखवू देत. मला बघायला सांगू नकोस.’

माझं उत्तर अजूनही ‘नको’ आहे. पण त्याचं इथे नोंदवणं भाग होतं.